मॅग्नेसिया लिटेरा : मोठं बक्षीस सोडा, बाजूचे रकाने बघा

तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयाला वर्षाला चार परदेशी पुस्तकं घेणंही जड जातं. त्यामुळे चेक साहित्य म्हटलं की कपाटात काफ्का आणि कुंदेरा, बस्स. त्यातला काफ्का तर लिहायचा जर्मनमध्ये. आजचे चेक लेखक हवे असतील तर निवडीला मॅग्नेसिया लिटेरा या तिकडच्या साहित्य पुरस्काराची यादी हाताशी धरावी. यादी चांगली आहे, पण वरून खाली वाचत गेलात तर पैसे फुकट जातील.

२००२ सालापासून दरवर्षी दिला जाणारा हा पुरस्कार. 'मॅग्नेसिया' हे तिकडच्या बाटलीबंद खनिज पाण्याचं नाव, तेच प्रायोजक. आपल्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम झऱ्याचं पाणी कोणी बाटलीत भरून त्या नावाने साहित्यिकांना गौरवलं तर जसं वाटेल तसंच हे. नावावर जाऊ नका, काम गंभीर आहे. साहित्य अकादमीत मुख्य पुरस्कार, अनुवाद, बालसाहित्य आणि युवा हे वेगवेगळे जाहीर होतात. इथे कादंबरी-कथा, कविता, मुलांचं पुस्तक, माहितीपर ग्रंथ, पत्रकारी लेखन, अनुवाद, प्रकाशकाची कामगिरी आणि नव्या लेखकाचं पदार्पण, सगळं एकाच समारंभात उरकतं. शिवाय वाचकांच्या मतांचं एक बक्षीस आणि सगळ्यांच्या वर 'वर्षातलं पुस्तक'.

लोक फसतात ते या 'वर्षातल्या पुस्तका'पाशीच. तिथे सगळे प्रकार एकमेकांसमोर उभे असतात. २०१८ ते २०२१ या चार वर्षांकडे बघा. २०१८ला एरिक ताबेरी यांचं चेक समाजावरचं पुस्तक, २०२०ला इतिहासकार पेत्र चोर्नेय यांचं यान झिझ्का या सेनानीचं जाडजूड चरित्र, २०२१ला मार्टिन हिल्स्की यांचा शेक्सपिअरच्या काळातल्या इंग्लंडवरचा ग्रंथ. चारात कादंबरी एकच, २०१९ची, राड्का डेनेमार्कोव्हा यांची. चेक वाचकाला हे ग्रंथ मोलाचे, यात वाद नाही. पण रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात इंग्रजीतून वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

आपल्या कामाचे रकाने तीन : कादंबरी-कथा, पदार्पण आणि वाचकांची पसंती. पदार्पणात २००३ला पेत्रा हूलोव्हा यांची मंगोलियातल्या बायकांच्या तोंडून सांगितलेली कादंबरी आली. वाचक-पसंतीत कातेर्झिना तुच्कोव्हा दोनदा, २०१० आणि २०१३. २०१८ला कादंबरीचं बक्षीस योसेफ पानेक यांच्या ज्या पुस्तकाला मिळालं त्यातला चेक शास्त्रज्ञ परिषदेसाठी थेट बंगळुरूला येतो. तिथली गर्दी, उकाडा आणि परक्या माणसाची उडालेली त्रेधा आपण आतून ओळखतो, चेक परीक्षकांना ती नवलाची वाटली असणार.

'अनुवाद' हा रकाना मात्र सरळ ओलांडावा. तो चेकमधून बाहेर गेलेल्या पुस्तकांसाठी नाही, बाहेरून चेकमध्ये आणलेल्या पुस्तकांसाठी आहे. डेनेमार्कोव्हा यांना २०११ला तिथे बक्षीस मिळालं ते हेर्टा म्युलर यांचं जर्मन पुस्तक चेकमध्ये आणल्याबद्दल.

सालाचा घोळही ठरलेला. समारंभ बहुतेकदा एप्रिलमध्ये होतो आणि विचार होतो आदल्या वर्षीच्या पुस्तकांचा. बिआंका बेलोव्हा यांचं 'येझेरो' छापलं गेलं २०१६ला, 'वर्षातलं पुस्तक' ठरलं २०१७ला आणि अॅलेक्स झकर यांचा इंग्रजी अनुवाद 'द लेक' आला २०२२ला. तुच्कोव्हा यांची 'गेर्टा' २००९ची, इंग्रजीत आली २०२१ला. म्हणजे ताज्या निकालाची यादी घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नाही. पाच ते बारा वर्षांपूर्वीच्या याद्या काढा, घेण्याजोगं तिथे सापडतं.

शोधताना नाव चेक धाटणीने लिहायच्या फंदात पडू नका. अक्षरांवरचे हुक गाळून साध्या रोमन अक्षरांत टाकलं तरी बहुतेक ठिकाणी पुस्तक सापडतं. आडनावातलं 'ओव्हा' हे स्त्रीलिंगी रूप, ते वगळलंत तर भलताच माणूस समोर येतो. चेक सूची चाळायची झाली तर आणखी एक गंमत : 'सीएच' हे तिकडे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याची जागा 'एच'च्या नंतर. 'सी'खाली शोधत बसलात तर पुस्तक नाहीच असं वाटेल.

कोकणातल्या वाचकाला पहिलं कोणतं द्यावं? 'द लेक'. आजी-आजोबांनी वाढवलेला नामी, आटत चाललेलं तळं, त्याच्याबरोबर बसत गेलेली मासेमारी आणि तळ्यातल्या शक्तीचा धाक. मालवण-हर्णैच्या बंदरावर वाढलेल्याला प्रस्तावनेची गरज पडणार नाही. लहानसं पुस्तक आहे, पण क्रूर आहे. शाळेच्या कपाटात ठेवू नये. दुसरं तुच्कोव्हा यांचं 'द लास्ट गॉडेस' : डोंगरातल्या झाडपाला देणाऱ्या, भविष्य सांगणाऱ्या बायका आणि त्यांच्यावर कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांनी ठेवलेल्या फायली. देवऋषी आणि गावऱ्हाटी ठाऊक असलेल्या सिंधुदुर्गात ते हातोहात फिरेल. मधल्या फायलींची पानं रेंगाळतात, तेवढं सोसावं. 'गेर्टा' तिसरं. १९४५ला ब्रनो शहरातून जर्मनांना पायी हाकललं गेलं, त्याची कथा. फाळणीवरचं वाचलेल्यांसाठी हे नेमकं, पण एकामागून एक दुःखं अंगावर येतात, सलग वाचवत नाही.

मागवायचं ते दिवाळी ते मे या काळात. या पेपरबॅकना शिलाई नसते, नुसता गोंद असतो. जुलैच्या दमट हवेत कणा सैल पडतो आणि दोन-तीन वाचकांनंतर पानं सुटतात. प्लॅस्टिकचं कव्हर चारही बाजूंनी चिकटवू नका, ओल आत कोंडून पुठ्ठ्यावर बुरशी धरते. वर आणि खाली बोटभर फट सोडा, कपाटाच्या मागच्या भिंतीपासून पुस्तक चार बोटं पुढे ठेवा. गणपतीत चाकरमान्यांबरोबर मुंबईहून मागवलंत तर पोचल्याबरोबर कव्हर न घालता पंख्याखाली दोन दिवस उभं उघडून ठेवा, उन्हात नको. उन्हाने गोंद तडकतो.