स्कॅनर की दुसरी नर्स?

औषध देतानाची चूक पकडण्यासाठी वॉर्डात दोन उपाय वापरतात. एक, रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा आणि औषधाचं पाकीट स्कॅन करणं. दुसरा, दुसऱ्या नर्सने स्वतंत्र पडताळणी करणं.

स्कॅनर थकत नाही. चुकीचा रुग्ण, चुकीचं औषध लगेच दाखवतो. बोस्टनमधल्या एका रुग्णालयातल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेळेच्या चुका सोडता औषध देण्यातल्या चुका सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्या. पण कुपीवरचा बारकोड बरोबर असला तरी सिरिंजमध्ये इन्सुलिन १० युनिट भरलंय की १००, हे त्याला कळत नाही.

तिथे दुसरी नर्सच हवी, आणि तिने पहिलीचं उत्तर न ऐकता डॉक्टरांची ऑर्डर वाचून डोस स्वतः काढायला हवा. “दहा युनिट आहे ना गं?” असं विचारलं की घाईत “हो”च येतं, मग पडताळणी होत नाही, नुसती सही होते. प्रत्येक गोळीला हे लावलं तर तेच होणार.

म्हणून नेहमीच्या औषधांना मी स्कॅनरच पुरेसा मानते. पण डोस चुकला तर जिवावर बेतू शकतं अशा इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), केमोथेरपी आणि शिरेतून द्यायचं पोटॅशियम यांना दोन्ही हवेत, रात्रपाळीला माणसं कमी असली तरीही.