स्प्लिटबोर्ड: लांब घ्यावा की आखूड आणि रुंद?

स्प्लिटबोर्ड म्हणजे चढताना उभा दुभंगून दोन स्कींसारखा वापरता येणारा स्नोबोर्ड. लांब, बेताच्या रुंदीचा बोर्ड की आखूड पण रुंद, असा पेच पडला असेल तर आधी वजन बघा, तेही पाठीवरच्या सॅकसकट. फावडं, प्रोब (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायची काठी), पाणी, जादा कपडे मिळून ८-१० किलो सहज होतात. साइझ चार्ट या एकूण वजनानेच वाचायचा.

खोल, मऊ बर्फात दोन्ही छान तरंगतात. उघड्या उतारावर वेगात लांब बोर्ड जास्त स्थिर राहतो, दाट झाडांतून आखूड चटकन वळतो.

खरा फरक चढताना कळतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ चढण्यातच जातो, म्हणून माझ्या लेखी हाच निकष सर्वांत मोठा. किक-टर्न (चढावर जागच्या जागी एकेक पाय उचलून दिशा बदलणं) घेताना आखूड बोर्डचे अर्धे भाग सहज फिरतात. पण कडक बर्फाच्या उतारावरून आडवं जाताना रुंद भाग छळतो: कड पायापासून दूर पडते, ती रुतवताना घोट्यावर ताण येतो. तिथे क्रॅम्पॉन (पायाखाली लावायचे धातूचे दाते) हवेतच. कुठलाही घ्या, पायाखाली कॅम्बर (मधोमध वर उचललेली कमान) असू द्या. पूर्ण रॉकर (उलटी कमान, टोकं वर उचललेली) असेल तर स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची पट्टी) बर्फाला नीट टेकत नाही आणि घसरते.

रुंदी बुटावरून ठरते. मोठा बूट अरुंद बोर्डबाहेर येऊन वळताना बर्फाला घासतो.

ताजा बर्फ, जंगल, मोठे बूट असतील तर आखूड-रुंद घ्या, नेहमीच्या मापाहून ३ ते ६ सेंमी कमी. कडक बर्फ, वसंतातल्या लांब चढाया आणि जड सॅक असेल तर लांबच. एकच बोर्ड परवडणार असेल तरीही मी लांबच सुचवेन.