दापोलीची जागा की वाईची? वीकेंड शेतीसाठी कुठे घ्यावी

पुण्यात राहून फार्महाऊस आणि थोडीफार शेती करायची असेल तर हे दोन ऑप्शन हमखास समोर येतात.

दापोलीकडे पाऊस ३००० मिमीच्या वर, पण जांभ्या दगडात पाणी टिकत नाही त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, म्हणून जागा बघायला मेमध्येच जा, पावसाळ्यात तिकडचा कातळसुद्धा हिरवागार दिसतो आणि माणूस भुलतो. हापूस-काजू मस्त येतो, कलमं १० बाय १० मीटरवर लावली की एकरी चाळीसेक बसतात, पण माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत, कुंपणाचा खर्च आधीच धरा. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे सातबारा! एकेका गटावर पंधरा-वीस नावं, निम्मे मुंबईत, एक जरी सहीला अडला तरी व्यवहार लटकतो.

वाईला पाऊस त्यामानाने कमी, पण काळी माती आणि कॅनॉलचं किंवा नदीचं पाणी असेल तर हळद, भाजीपाला, ऊस काहीही घ्या, शिवाय दोनेक तासात पोचता. भाव मात्र चढे.

दोन्हीकडे कूळकायदा कलम ६३ आहेच, शेतकरी नसाल तर शेतजमीन सरळ घेता येत नाही. एजंट म्हणाला 'बघू नंतर' तर तिथून उठा.

दर शनिवारी जाणार असाल तर वाईच घ्या. दापोली ज्यांचं गावात कोणी आहे त्यांनी घ्यावी, रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस लागतोच.