तोंडात गेलं तरी चालेल असा खेळ : खळ, क्ले की जेली?

सेन्सरी प्लेसाठी, म्हणजे स्पर्श, रंग, वास अशा अनुभवांच्या खेळासाठी, घरी काही बनवायला घेतलं की एक समजूत हमखास असते : सगळं स्वयंपाकघरातलंच आहे, मग बाळाने तोंडात घातलं तर काय बिघडलं? बरंच बिघडू शकतं. काही मिश्रणं खरोखर खाण्याजोगी असतात, बाळाने वाटीभर फस्त केली तरी पोटात अन्नच गेलं म्हणायचं. काही मात्र बोटावरचं चाटलं तर बाधत नाहीत एवढंच. घास घ्यायला लागलं की थांबवायला हवं. त्यामुळे आपलं मूल सध्या किती तोंडात घालतं, हे आधी बघा. रंग, फोटो, नवी कृती हे सगळं त्यानंतर.

दीड वर्षाच्या आतल्या बाळासाठी माझी पहिली पसंती शिजवलेल्या कॉर्नफ्लोरच्या खळीला. एक कप गार पाण्यात पाव कप कॉर्नफ्लोर गुठळी न राहता कालवायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. बराच वेळ काहीच होत नाही, दुधाळ पाणी तसंच राहतं. मग एकाएकी चमचा जड लागतो, तळाशी पारदर्शक पट्टे दिसतात आणि मिनिटभरात सगळं तुकतुकीत होतं. बुडबुडे फुटायला लागले की उतरवा. खळ वरून गार लागली तरी आत बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते, म्हणून ताटात पसरून पूर्ण निवू द्या आणि खोलवर स्वतःचं बोट घालून बघा. पीठ शिजलेलं, मीठ शून्य, साखर शून्य. बोटांनी रेघोट्या मारायला याहून छान काही नाही.

हिच्याशी बरोबरी करणारा पर्याय म्हणजे साध्या दह्याचा रंग. करायला काहीच लागत नाही, आणि दही आधीपासून खाणाऱ्या बाळाला चवही ओळखीची. पण दही नासतं. खोलीच्या तापमानाला दोन तास, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, एवढीच मुदत. खेळून उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवू नका, टाकून द्या. शिजलेल्या खळीलाही हाच नियम लावा. रंगाला बीट किंवा पालकाचा रस पुरतो. बीट बऱ्यापैकी पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशी लंगोट लालसर दिसू शकतो, घाबरून जाऊ नका.

आता कच्च्या पिठाचं. पीठ मळून गोळा हातात देणं सगळ्यांत सोपं, आणि इथेच मी ठामपणे नको म्हणेन. मैदा काय, कणीक काय, दोन्ही कच्चीच असतात. दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूच्या साथीत ६३ जण आजारी पडले. त्यांतल्या काही मुलांचा संबंध रेस्टॉरंटमध्ये मिळालेल्या कच्च्या पिठाच्या गोळ्याशी होता. पीठ ओव्हनमध्ये किंवा कढईत भाजून घ्या असा उपाय सुचवला जातो, पण कोरड्या पिठात जंतू उष्णतेला चिवटपणे तग धरतात. घरच्या भाजण्याने ते नक्की मरतात असा भरवसा अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्थाही देत नाही. पाणी घालून शिजवणं हाच खात्रीचा मार्ग.

मग शिजवलेली क्ले बरी का? जंतूंच्या बाबतीत बरी, मिठाच्या बाबतीत नाही. नेहमीचं प्रमाण एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी आणि चमचाभर तेल. म्हणजे तयार गोळ्यात साधारण तीस टक्के मीठ! सुपारीएवढा, दहा ग्रॅमचा तुकडा गिळला तर तीन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात दोन ग्रॅमहून जास्त मीठ नको. जास्त खाल्ल्यास रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. खारट लागल्यावर मूल थुंकून टाकेल या भरवशावर राहू नका, काही मुलांना खारट आवडतं. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही हा गोळा लांब ठेवा. तोंडात घालायची सवय सुटलेल्या, तीन वर्षांपुढच्या मुलासाठी मात्र ही क्ले उत्तम. आकार धरते, हवाबंद डब्यात टिकते आणि बोटांना छान काम देते.

खळीच्या आणि क्लेच्या मधल्या वयाला, म्हणजे दीड ते तीन वर्षांच्या मुलाला, कच्चं कॉर्नफ्लोर आणि पाणी. दोन भाग पीठ, एक भाग पाणी, शिजवायचं नाही. मुठीत आवळलं की घट्ट खडा, मूठ सैल केली की बोटांमधून ओघळ. एकदम दाब पडला की स्टार्चचे कण एकमेकांत अडकतात, दाब गेला की सुटतात. दोन वर्षांच्या मुलाला यात गुंग होताना बघणं फार सुखाचं असतं. चाटलं तर फारसं काही होत नाही, तरी हेही कच्चंच पीठ आहे, मुठीने खाऊ देऊ नका. कोरडी पूड बाळासमोर उधळू नका, बारीक भुकटी श्वासात जाते. आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाइपात बसतं. वाळवून कचऱ्यात टाका.

जेलीत जिलेटिन की अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनचं चायना ग्रास)? जिलेटिन तोंडाच्या उबेने विरघळतं. अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे त्याचा तुकडा घशात तसाच घट्ट राहतो. त्यामुळे लहान बाळासाठी अगर नको. जिलेटिन प्राणिज आहे, ते घरात चालत नसेल तर जेलीचा नाद सोडून खळीकडे वळा. जिलेटिन घेतलंत तरी कमी घालून लिबलिबीत करा आणि चमच्याने मोडून द्या. चौकोनी वड्या घशात अडकण्याचा धोका राहतो.

बाजारातले पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र लहान मुलांच्या घरात असूच नयेत. गिळले तर आतड्यात फुगून वाट अडवतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तसा बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर रात्रभर भिजवलेला चिया द्या. तो वजनाच्या दहापट पाणी शोषतो, म्हणूनच कोरडा कधीच देऊ नका. बोरॅक्सचा (धुलाईत वापरायच्या रासायनिक पुडीचा) चिकट स्लाइम या यादीत बसतच नाही, तो तोंडात जायचा पदार्थच नाही. कोरड्या खेळासाठी कडधान्यांपेक्षा ओट्सची भरड बरी. दाणे नाकाकानात जाऊन फुगतात, शिवाय कच्चा राजमा विषारी असतो.

जो पदार्थ बाळाने आधी जेवणात खाऊन पचवलेला नाही, तो खेळात आणू नका. गहू, दूध, शेंगदाणा यांची ॲलर्जी असेल तर नुसत्या स्पर्शानेही अंगावर पुरळ येऊ शकतं. मध तर वर्षाच्या आत कशातच नको, कारण त्यात असू शकणारे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत.

घरात दोन मुलं असतील तर निवड धाकट्याकडे बघून करा. थोरल्याला त्याच खळीत ब्रश, चाळणी, मोजायचे कप दिले की त्याचाही तास सहज जातो. मिठाची क्ले धाकटं झोपल्यावर काढा, आणि ते उठायच्या आत जमिनीवर पडलेले तुकडे वेचून घ्या.