ब्रेझा घ्यावी की जिमनी?

दोन्ही मारुतीच्या, चार मीटरच्या आतल्या, दीड लिटर पेट्रोलच्या. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) १९८ आणि २१० मिमी, म्हणजे खड्ड्यांपुरता फरक नगण्य. खरा फरक खाली वाकून बघा: जिमनीला लॅडर फ्रेम (बॉडीखाली शिडीसारखा वेगळा सांगाडा), पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर), ब्रेझाला ओढतात फक्त पुढची चाकं. लाल चिखलाच्या चढावर ती जागीच फिरतात. जिमनी थांबवून, न्यूट्रलला आणून फोर-लो टाकलं की सावकाश चढते. कोरड्या डांबरावर मात्र फोर-हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) नको. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्यानं वळताना गिअरवर ताण येतो.

डिकी ३२८ लिटर विरुद्ध २०८. जिमनीत माणसं चारच, पेट्रोलही जास्त.

पाच जणांचं कुटुंब, ऑफिस, हायवे असेल तर ब्रेझाच. पावसाळ्यातही कच्च्या वाटेनं शेतावर जावं लागत असेल तर जिमनी.