भाच्यासाठी घेतलेला बेअरिंगचा योयो

भुसावळहून मुद्दाम जळगावला जाऊन भाच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा योयो आणला. दुकानदारदादांनी डबा उघडून आधी स्वतः फेकून दाखवला, मग पोराला समोर उभं करून दोरी त्याच्या बेंबीच्या उंचीला कापली, बोटाची गाठ मारून दिली. एवढं कोण करतं! वस्तू दणकट. अंगणातल्या शहाबादी फरशीवर तीनदा आपटला, कडेला ओरखडा आला, पण फिरणं तसंच.

घेण्याआधी एक समजून घ्या. हा योयो झटका दिल्यावर हातात परत येत नाही. दोरीचा वेढा अडकवून, म्हणजे बाइंड करून, बोलवावा लागतो. पोरगं दोन दिवस रडकुंडीला आलं होतं. पण स्पर्धेच्या वन-ए गटात, म्हणजे एकच योयो आणि दोरीवरच्या करामती, असाच लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांत योयो थांबला की १ गुण कापतात, बदलला तर ३, दोरी तुटून निसटला तर ५. म्हणून जादा दोऱ्या घ्याच, पॉलिएस्टरच्या. डब्यात एकच निघाली, त्याचा एक तारा कमी.

आणि मे महिन्यात अंगणात विसरू नका, हात भाजतो.