व्हिक्टोरियन घर घेताय? आधी जमिनीखालचं गटार बघा

लंडनच्या टॉटनहॅम, लेटन, वॉल्थमस्टो या उपनगरांत एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या आहेत. तिथे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितो आहोत. कारण त्या वेळी केलेली फसवणूक अजून तशीच पुरलेली आहे आणि दर नव्या मालकाच्या गळ्यात पडते आहे.

तेव्हाचा ठेकेदार जमीन भाडेपट्ट्याने घ्यायचा, कर्जावर घरं उभी करायचा आणि छप्पर चढलं की विकून मोकळा व्हायचा. पैसा लागायचा तो डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर: दर्शनी खिडकी, दारापुढच्या रंगीत फरश्या. चर बुजवल्यावर गटार कोण बघणार?

4 इंची चकचकीत खापरी नळ बहुधा चांगलाच असे. चोरी व्हायची सांध्यांत. नळाचा तुकडा 2 फुटांचा, म्हणजे 40 फुटांच्या चरात 20 तुकडे आणि जवळपास तेवढेच सांधे. प्रत्येक सांध्यात आधी डांबरात भिजवलेली तागाची दोरी ठासायची, मग पोर्टलंड सिमेंट भरायचं आणि आत ओघळलेलं सिमेंट ओलं असतानाच पुसून घ्यायचं, ही रीत. त्याऐवजी नुसती चिकणमाती थापत. पाण्याने ती धुऊन गेली की मैलापाणी थेट स्वयंपाकघराच्या फरशीखाली झिरपे. सिमेंट वापरलं तरी कित्येकदा ते वरच्या अर्ध्या भागालाच. खालून हात घालणं अवघड, म्हणून ती बाजू कोरडीच सोडत.

उताराचा त्या काळचा ठोकताळा असा: 4 इंची नळाला 40 फुटांत 1 फूट, 6 इंचीला 60 फुटांत 1 फूट. खोल खणायची मजुरी वाचवायला नळ सपाट टाकला की पाणी पुढे जातं, घाण मागे राहते. काही ठिकाणी तर घराखालची वाळू-खडी आधीच उपसून विकलेली आणि खड्डा शहराच्या कचऱ्याने भरलेला. असा भराव खचला की नळ मध्येच खाली झुकतो, त्याला पोट येतं.

1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने शहरी भागात नव्या घराला बंद गटार सक्तीचं केलं. मुख्य गटार 100 फुटांच्या आत असेल तर त्याला जोडायचं, नसेल तर बंद मैलाखड्डाही चाले. भाडेकरूला कोर्टातही आधार तोकडाच. सामानासकट दिलेलं घर राहण्यालायक हवं, या तत्त्वावर 1877 च्या एका खटल्यात सदोष गटारांमुळे भाडेकरू करारातून सुटला. रिकाम्या घराला मात्र तशी हमी गृहीत धरत नसत. कमी भाड्याच्या मजूर-घरांना 1885 पासून थोडं संरक्षण मिळालं, कारकुनाच्या घराला नाही.

गळती शोधायला छपरावरच्या वायुनळीत पेपरमिंटचं तेल आणि त्यामागोमाग गरम पाणी ओतत. घरात वास आला की गळती पक्की. ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर त्याच्या कपड्यांचाच वास येतो. विकणाऱ्याच्या माणसाने केलेल्या तपासणीवर तेव्हाही विसंबण्यात अर्थ नव्हता, आज नळात कॅमेरा सोडून केलेल्या तपासणीच्या बाबतीतही नाही.

आता घर दाखवण्याआधी जोरदार फवाऱ्याने गटार धुऊन घेतात. काही आठवडे सगळं सुरळीत वाहतं. चेंबरचं झाकण लाकडी डेकखाली किंवा नव्या फरशीखाली गडप झालेलं असतं. ते उघडून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. घराच्या नेहमीच्या सर्व्हेत जमिनीखालचे नळ आतून तपासत नाहीत.

पुढच्या अंगणातला चेंबर नीट बघा. त्यात बहुधा इंटरसेप्टिंग ट्रॅप असतो, मुख्य गटाराची दुर्गंधी घराकडे येऊ नये म्हणून बसवलेला पाणी धरणारा बाक. त्याच्या वर सफाईसाठी एक तोंड असतं आणि त्याला बूच. हे बूच सुटून पडलं की नेमकं खालच्या ट्रॅपमध्ये अडकतं. ट्रॅप तुंबतो, चेंबर भरत जातो आणि पाणी वरच्या उघड्या तोंडातून निघून जातं. घरात पत्ताच लागत नाही, कारण फ्लश चालतो, सिंकही रिकामं होतं. खाली मैला महिनोन्महिने कुजत राहतो आणि उंदरांना रस्त्यातल्या गटारातून मोकळी वाट मिळते.

कॅमेरा-तपासणी स्वतःच्या पैशाने करवून घ्या आणि मूळ व्हिडिओ मागा. चित्रीकरण चालू असताना नळातून पाणी सोडायला सांगा, म्हणजे पोट आलेल्या जागी ते साचलेलं दिसतं. रिपोर्टमध्ये तपासणी मध्येच सोडल्याची ओळ आहे का ते शोधा. कॅमेरा ट्रॅपपाशी अडला असेल, तर तिथून रस्त्यापर्यंतचा नळ कुणी पाहिलेलाच नाही.

1 ऑक्टोबर 2011 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, सार्वजनिक गटाराला जोडलेली बहुतेक सामाईक गटारं आणि हद्दीबाहेरचे नळ पाणी कंपन्यांकडे गेले. हद्दीच्या आतला, फक्त तुमच्या घराचा नळ तुमचाच. मागचं वाढीव स्वयंपाकघर सामाईक गटारावर बांधलेलं असेल तर पाणी कंपनीची परवानगी दाखवायला सांगा. ड्रेनेज सर्च, म्हणजे घराच्या गटारजोडणीची पाणी कंपनीच्या नोंदींतली माहिती, वकिलाकडून मागवा आणि दुरुस्तीचा खर्च काँट्रॅक्ट एक्स्चेंज होण्याआधीच, म्हणजे खरेदीचा करार दोघांवर बंधनकारक होण्याआधीच, किमतीतून कापून घ्या. एक्स्चेंजनंतर विकणारा सहसा दाद देत नाही.